शेवटचं ‘हो’ कोण म्हणणार? छोटी डिझाइन एजन्सी चालवताना

नवीन क्लायंट समोर बसला की मी लॅपटॉप उघडत नाही, वही उघडते. आणि पहिल्या पंधरा मिनिटांत एक प्रश्न हमखास विचारते: “हे काम पूर्ण झाल्यावर शेवटचं ‘हो’ कोण म्हणणार?”

बहुतेक वेळा समोरची मंडळी एकमेकांकडे बघतात. कुणी म्हणतं, “आम्ही सगळे मिळून ठरवू.” कुणी म्हणतं, “तसं मीच, पण एकदा सरांना दाखवावं लागेल.” हे ‘एकदा सरांना दाखवावं लागेल’ ऐकलं की मी पेन खाली ठेवते आणि सरांची वेळ मागते.

हा प्रश्न विचारायला मी शिकले ते एका फसलेल्या कामातून. एजन्सीचं दुसरं वर्ष होतं, आम्ही तिघंच होतो. एका कंपनीच्या वेबसाइटचं काम तिथल्या मार्केटिंग मॅनेजरबाईंबरोबर चार महिने चाललं. बाई हुशार, प्रत्येक टप्प्यावर नेमकं मत देणाऱ्या, लेखी मंजुरी वेळेवर पाठवणाऱ्या. साइट सुरू व्हायच्या आठवड्यात मालकांनी ती पहिल्यांदा पाहिली. दोन मिनिटं वर-खाली सरकवली आणि शांतपणे म्हणाले, “छान आहे, पण हे आम्ही नाही.” त्यांचं बरोबर होतं. किरकोळ विक्री गुंडाळून पूर्णपणे घाऊक पुरवठ्याकडे वळायचं त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं आणि ते अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आम्ही मात्र सबंध साइट किरकोळ ग्राहकासाठी बांधली होती. काम जवळजवळ नव्याने करावं लागलं, त्याचे निम्मेच पैसे मिळाले, आणि आमच्यातला एक जण त्या धावपळीत इतका दमला की काम सोडून गेला. पैशांपेक्षा त्याचं जाणं मला जास्त लागलं.

तेव्हापासून आमचा नियम आहे. निर्णय घेणारी व्यक्ती पहिल्या बैठकीला नसेल तर काम सुरू करायचं नाही. तिने दर आठवड्याला यावं अशी अपेक्षा नसते. तीनदा यावं: सुरुवातीला, पानांचा कच्चा आराखडा ठरताना, आणि डेव्हलपमेंट (साइट प्रत्यक्ष बांधणं) सुरू होण्याआधी. तिचं नाव आणि या तीन तारखा प्रपोजलमध्येच लिहायच्या. एजन्सी सुरू करणाऱ्या कुणालाही मी सर्वांत आधी हेच सांगते, कारण पुढचं जवळजवळ सगळं याच प्रश्नाला येऊन मिळतं.

काम घेण्याआधी

क्लायंट येतो तो बहुधा उत्तर घेऊनच: “नवीन वेबसाइट हवी”, “अ‍ॅप हवं”, “जरा मॉडर्न दिसायला हवं.” ते उत्तर वहीत लिहून घ्या, पण त्यावर कोटेशन देऊ नका. आधी विचारा, की आज नेमकं काय अडतंय? कुणाचं अडतंय? सहा महिन्यांनी काय बदललेलं दिसलं तर तुम्ही म्हणाल की पैसे वसूल झाले?

या प्रश्नांची उत्तरं मीटिंगच्या खोलीत पुरती मिळत नाहीत. जिथे काम चालतं तिथे जाऊन बसावं लागतं. एका पॅथॉलॉजी लॅबला नवीन होमपेज हवं होतं. मोठी यंत्रं, डॉक्टरांचे फोटो, लॅबचा इतिहास, असं सगळं त्यांनी योजून ठेवलं होतं. मी विनंती केली, एक दुपार मला काउंटरमागे बसू द्या. तिथल्या ताई फोन घेत होत्या आणि मी शेजारी वहीत रेघा मारत होते. निम्म्याहून जास्त फोन दोनच गोष्टींसाठी येत होते: या तपासणीला उपाशीपोटी यायचं का, आणि रिपोर्ट कधी मिळणार. ताई प्रत्येकाला तितक्याच मायेने सांगत होत्या, आणि तेवढ्यात समोर उभा असलेला माणूस ताटकळत होता.

संध्याकाळी मी वहीचं ते पान लॅबच्या प्रमुखांसमोर ठेवलं. होमपेजवर सर्वांत वर एक शोधपट्टी आली. तपासणीचं नाव लिहा, उपाशी यायचं की नाही आणि रिपोर्टची वेळ लगेच दिसेल. यंत्रांचे फोटो खाली गेले आणि त्यावर वाद झाला नाही, कारण त्या रेघा त्यांच्याच काउंटरवरच्या होत्या. अशी एक दुपार प्रत्येक कामात काढा, आणि तिचे पैसे प्रपोजलमध्ये धरा. ते खरं काम आहे.

काही कामं नाकारावी लागतात. आधीच्या तीनही एजन्सींना नावं ठेवणारा क्लायंट, निर्णय कोण घेणार याचं उत्तर दोन बैठकांनंतरही न देणारा क्लायंट, आणि “आधी दोन-तीन डिझाइनं करून दाखवा, आवडली तर काम देतो” म्हणणारा. या तिसऱ्याला मी कारण समजावून सांगते: “तुमचे ग्राहक, तुमची अडचण मला अजून माहीत नाही. आत्ता मी जे काढेन ती सजावट असेल, आणि तिच्यावरून तुम्ही मला निवडलंत तर दोघांचंही नुकसान होईल. त्यापेक्षा मी केलेली दोन कामं दाखवते, त्यात काय विचार केला तो सांगते.” बरेच जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना सोडून देण्याचा आजवर एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

प्रपोजल आणि पैसे

आमचं प्रपोजल दोन-तीन पानांचं असतं. त्यात ‘यात काय आहे’ पेक्षा ‘यात काय नाही’ ही यादी मोठी असते. मजकूर कोण लिहिणार? फोटो कोण काढणार? दुसऱ्या भाषेतली आवृत्ती यात आहे का? जुन्या साइटवरचे लेख नव्या साइटवर कोण आणणार? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण शेकडो जुने लेख हलवायला कितीतरी दिवस जातात आणि ते काम कुणाच्याच डोक्यात नसतं. किती पानं असं न लिहिता किती प्रकारची पानं ते लिहा. वीस पानं एकाच साच्यातली असू शकतात आणि पाच पानं पाच वेगळ्या साच्यांची.

बदलांच्या फेऱ्या दोन लिहायच्या, पण ‘फेरी’ म्हणजे काय तेही लिहायचं. आमची व्याख्या अशी: क्लायंटकडच्या सगळ्यांची मतं एका व्यक्तीने एकत्र करून, आपसातले विरोध मिटवून, एकाच कागदावर पाठवली की ती एक फेरी. सहा जणांचे सहा ईमेल आले, एकात ‘निळा नको’ आणि दुसऱ्यात ‘निळा सुंदर’, तर तो फीडबॅक नव्हे. ते भांडण त्यांच्या घरचं आहे आणि ते डिझायनरने सोडवायचं नसतं.

दर कसा ठरवायचा, यात नवीन लोक फार नुकसान करून घेतात. आठवड्याचे ४० तास धरले तरी क्लायंटच्या कामाला लागतात ते २४-२५. बाकीचे बैठका, ईमेल, हिशेब, शिकणं, आजारपण यांत जातात. म्हणून वर्षभराचा सगळा खर्च, म्हणजे स्वतःच्या पगारासह पगार, सॉफ्टवेअर, जागा, सुट्ट्या, त्यात भर हवी ती शिल्लक, हे सगळं मांडा आणि टीमच्या अशा खऱ्या तासांनी भागा. ४० ने भागलंत तर प्रत्येक कामात थोडे थोडे पैसे स्वतःच्या खिशातून घालाल आणि वर्षभर ते कळणारही नाही.

हप्ते आम्ही तीन घेतो: ४० टक्के सुरुवातीला, ३० टक्के आराखडा मंजूर झाल्यावर, ३० टक्के शेवटी. पण ‘शेवटी’ म्हणजे ‘साइट सुरू झाल्यावर’ असं लिहू नका. साइट सुरू करणं क्लायंटच्या हातात असतं. त्यांचा मजकूर येत नाही, फोटोग्राफर मिळत नाही, मोठ्या साहेबांचा मुहूर्त ठरत नाही. आमची एक साइट पूर्ण तयार होऊन सात महिने पडून राहिली, आणि शेवटचा हप्ताही तिच्याबरोबर पडून राहिला. आता आम्ही लिहितो: ‘काम तपासणीसाठी सोपवल्यापासून ३० दिवसांनी, किंवा साइट सुरू झाल्यावर, यांतलं जे आधी होईल तेव्हा.’ या एका ओळीने आमचे पगार वेळेवर व्हायला लागले. आणखी एक ओळ घाला: पंधरा दिवस उत्तर आलं नाही तर काम थांबेल आणि नंतर रिकाम्या वेळेनुसार पुन्हा सुरू होईल. डिझाइनचे मालकी हक्क शेवटचा हप्ता आल्यावर क्लायंटकडे जातील हेही लिहा. फॉन्ट आणि फोटोंचे परवाने कुणाच्या नावावर घ्यायचे तेही ठरवा. कॉम्प्युटरवर वापरायचा फॉन्टचा परवाना वेबसाइटसाठी चालतोच असं नाही.

एका क्लायंटकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येत असेल तर ती नोकरीच झाली, फक्त नोकरीची सुरक्षितता नाही. आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नवीन माणूस घेऊ नका. याबद्दल मी फार कडक आहे.

डिझाइन दाखवताना

डिझाइन ईमेलने पाठवून “कसं वाटतं ते कळवा” असं लिहिणं बंद करा. ‘कसं वाटतं’ विचारलं की माणूस स्वतःची आवड सांगतो, आणि त्यात त्याची चूक नाही. डिझाइन समोर बसून किंवा कॉलवर दाखवा आणि वापरणाऱ्याच्या वाटेने दाखवा: “एक बाई आईची रक्ततपासणी करायची म्हणून रात्री फोनवर साइट उघडतात. त्यांना पहिल्यांदा हे दिसतं. आता त्या इथे टाइप करतात…” मग नेमकं विचारा: “या बाईंना फोन न करता उत्तर मिळालं असं तुम्हाला वाटतं का?”

फोनवरचं डिझाइन आधी दाखवा आणि ते खऱ्या फोनवर, त्यांच्या हातात देऊन. मोठ्या पडद्यावर सगळंच ऐटबाज दिसतं.

आणि खरा मजकूर घाला. लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायला टाकलेला निरर्थक मजकूर, नेहमी शहाण्यासारखं वागतं, हव्या तेवढ्याच ओळींत बसतं. खरी माणसं लांबलचक नावांची असतात, खऱ्या तपासण्यांची नावं दीड ओळीची असतात. आमच्या एका डिझायनरने इंग्रजी मजकुरावर सुंदर बसलेलं शीर्षक तसंच्या तसं मराठीत नेलं. इंग्रजीसाठी अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली होती, ती मराठीत शिरोरेषा तोडून गेली, आणि ओळींमधलं अंतर इतकं कमी की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांटीवर आदळत होते. हे पहिल्याच दिवशी मराठी मजकूर टाकला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. साच्यांमध्ये सगळीकडे पसरल्यावर त्याला तीन दिवस लागले.

पर्याय किती द्यायचे? अगदी सुरुवातीला, दिशा ठरवताना दोन. त्यानंतर एकच. तीन पर्याय दिले की क्लायंट पहिल्याचा वरचा भाग, दुसऱ्याचा रंग आणि तिसऱ्याची बटणं असा संच मागतो. त्याला पारखायला काहीच कसोटी दिलेली नसते, म्हणून तो तुकडे निवडतो. एकच पर्याय आणा, पण तो का निवडला आणि कुठले दोन टाकून दिले हे सांगा.

आता मतं ऐकण्याबद्दल. क्लायंट जे सांगतो ते बऱ्याचदा औषध असतं, आजार सांगतच नाही. एका बांधकाम सल्लागाराने आमचं पान पाहून म्हटलं, “रिकामं रिकामं वाटतंय, भरा जरा.” टीममधल्या नव्या मुलीचा चेहरा पडला, तिने ती मोकळी जागा फार विचाराने ठेवली होती. मी त्यांना विचारलं, “हे पान बघून तुमच्या ग्राहकाला काय वाटेल अशी तुम्हाला काळजी आहे?” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “त्याला वाटेल यांच्याकडे कामच नाही.” मोठ्या कंपन्यांशी टक्कर देताना आपण लहान दिसू, ही त्यांची भीती होती. मोकळी जागा तशीच राहिली आणि तिच्या मधोमध त्यांच्या पूर्ण झालेल्या पुलाचं एक मोठं छायाचित्र आलं, खाली लांबी आणि पूर्ण झाल्याचं वर्ष. ते पाहून ते म्हणाले, “आता भरलं.” त्या मुलीला मी मुद्दाम बैठकीत बसवलं होतं. क्लायंटचं म्हणणं मधल्या माणसाने पोस्टमनसारखं आणून दिलं असतं तर तिच्यापर्यंत फक्त ‘भरा जरा’ एवढंच पोचलं असतं.

प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी एका फाइलमध्ये चार गोष्टी लिहा: तारीख, काय ठरलं, कुणी ठरवलं, का ठरवलं. ‘का’ हा रकाना रिकामा ठेवू नका. काम चालू असताना क्लायंटकडचा माणूस बदलतो, नवीन येणारा विचारतो, “हे असं का केलंय?” आणि फाइल नसेल तर तुम्ही पुन्हा पहिल्यापासून वाद घालत बसता. या नोंदी करायला वीस मिनिटं लागतात. मी स्वतः करते, अजूनही.

जे मोजता येतं ते मोजा

आवडीनिवडीचा वाद जिथे मोजमापाने मिटतो तिथे मोजमाप आणा. फिकट राखाडी अक्षरं नाजूक दिसतात, पण वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या (साइट सगळ्यांना, अपंग व्यक्तींनाही, वापरता यावी यासाठीच्या) डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक नियमांच्या एए या मधल्या पातळीनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांचा ३:१. २०२३ साली आलेल्या २.२ आवृत्तीत याच पातळीवर दाबायच्या जागेचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल सांगितला आहे, काही अपवाद सोडून. आम्ही ४४ धरतो, कारण अंगठा सगळ्यांचा सारखा नसतो. हे नियम शेवटी तपासायचे नसतात. पहिला रंग निवडतानाच हाताशी ठेवायचे असतात.

वेगाचंही तसंच. होमपेजवर मोठा व्हिडिओ हवाच असा आग्रह झाला की आम्ही दोन्ही आवृत्त्या साध्या फोनवर शेजारी शेजारी उघडतो. गूगलच्या मोजपट्टीनुसार पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यायला हवा, आणि तेही किमान ७५ टक्के भेटींमध्ये. आकडे सांगून पटत नाही ते फोन हातात घेऊन वाट बघताना पटतं.

आणि माणसांना वापरायला द्या. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० साली मांडलं, की वापराच्या चाचणीला पाच माणसं पुरतात. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. त्यांचं पुढचं म्हणणं जास्त उपयोगाचं आहे: पंधरा जणांचं बजेट असेल तर एकदम पंधरा जण बसवू नका, पाच-पाच जणांच्या तीन चाचण्या करा आणि मधे दुरुस्त्या करा. आम्ही तसंच करतो, आणि पहिल्या चाचणीला क्लायंटला मागे शांत बसायला सांगतो. मी तासभर बोलून जे पटवू शकत नाही ते एका अनोळखी माणसाचं बोट चुकीच्या बटणावर घुटमळताना पाहून त्यांना पटतं.

वाईट बातमी

उशीर होणार हे कळलं की त्याच दिवशी सांगा. आम्ही असं लिहितो: “शुक्रवारी आराखडा देऊ म्हणालो होतो. आज बुधवार आहे आणि फॉर्मचा भाग अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचा निघाला. शुक्रवारी फॉर्म सोडून बाकी सगळं मिळेल, फॉर्म मंगळवारी. त्यामुळे पुढची तारीख बदलत नाही.” कारण एका ओळीत, काय मिळणार ते नेमकं, आणि नवीन तारीख अशी की ती पुन्हा हलणार नाही. माफीचे तीन परिच्छेद नकोत. शुक्रवारी संध्याकाळी सहाला सांगितलेला उशीर आणि बुधवारी सांगितलेला उशीर यांत क्लायंटच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो, दिवस तेवढेच गेले तरी.

काम सोपवताना

डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा), अ‍ॅनालिटिक्स (भेटींची मोजदाद), फॉन्टचे परवाने, सगळं पहिल्या दिवसापासून क्लायंटच्या नावावर आणि त्यांच्या ईमेलवर घ्या. तुम्ही फक्त प्रवेश मागा. आमच्याकडे एक क्लायंट आला होता त्याचं डोमेन आधीच्या एजन्सीच्या नावावर होतं, आणि ती एजन्सी फोन उचलत नव्हती. बारा वर्षं ज्या पत्त्यावर लोक त्यांना शोधत होते तो पत्ता त्यांच्याच हातात नव्हता. तो सोडवून घ्यायला आम्हाला दोन महिने लागले. क्लायंटला बांधून ठेवायचं असेल तर कामाने बांधा.

साइट ज्या व्यक्तीला रोज हाताळायची आहे तिला शेजारी बसवून तिच्या हातूनच एक पान बदलून घ्या, एक फोटो चढवून घ्या. तुम्ही माउसला हात लावू नका. ती जिथे अडखळेल तिथे तुमचं काम अजून बाकी आहे.

तीन महिन्यांनी मी स्वतः फोन करते. त्या फोनवर नवीन काम मागत नाही. काउंटरवरचे फोन कमी झाले का, कुठलं पान कुणीच उघडत नाही, आणि आमच्या कुठल्या गोष्टीचा त्रास झाला, एवढं विचारते. ऐकताना तीच वही उघडी असते, पहिल्या बैठकीतल्या उत्तरांच्या पानावर. फोन ठेवल्यावर बऱ्याचदा पुढच्या प्रपोजलमधल्या ‘यात काय नाही’ या यादीत एक ओळ वाढते.